दुमडलेला कोपरा

माझ्या नातीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. ती कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आली, तेव्हा हे जाऊन महिना झाला होता. "आई, तुला सोबत होईल," असं माझी मुलगी म्हणाली. सोबत झाली. मला त्याचं काही वाटलं नाही, चांगलं ना वाईट. दूध तापत ठेवायचं आणि ते वर येईपर्यंत बघत उभं राहायचं, एवढं जमत होतं.

भिंगरी औषधशास्त्र शिकते. उरल्या वेळात यांच्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याने फोटो काढते, आणि संध्याकाळी बस डेपोमागच्या शेडमध्ये सात-आठ जणांबरोबर नाचते. पाठीवर गरगरायचं, एका हातावर उभं राहायचं, असला नाच. गुडघे कायम सोललेले.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," तिची आई फोनवर म्हणायची.

"चिंध्या तरी माझ्या आहेत ना!" ही इकडून ओरडायची.

तिला फोटोग्राफीच्या एका वर्गात जायचं होतं. जागा फक्त बारा. गेल्या वर्षी ती तेरावी आली होती. या वर्षी एकाच विषयावरचे दहा फोटो, रोलवर काढलेले आणि स्वतः धुतलेले, बुधवारी पाचच्या आत द्यायचे होते. पुढच्या वर्षी तिचं शिकाऊ काम सुरू होणार, तेव्हा ही शेवटचीच संधी. रविवारी त्यांच्या गटाची स्पर्धा होती. पहिल्या अर्ध्या भागात फोटो काढायचे आणि दुसऱ्या भागात नाचायचं, असं तिने ठरवलं होतं.

"आजी, एखादा कोरा रोल आहे?" शनिवारी तिने विचारलं.

आमचा स्टुडिओ चाळीस वर्षं चालला. हे फोटो काढायचे, मी अंधाऱ्या खोलीत रोल धुवायची. बाहेर बसलेली माणसं मी उलटीच ओळखायची, काळ्या चेहऱ्याची आणि पांढऱ्या केसांची. काढून झालेल्या रोलचं टोक पूर्ण आत गुंडाळायचं, अशी सगळीकडे रीत असते. माझी बोटं आखडायला लागली तेव्हा मीच यांना सांगितलं, "टोक बाहेर ठेवत जा, मला अंधारात रोलची डबी उघडत नाही." मग ओळखायचं कसं? तर हे टोकाचा कोपरा दुमडून ठेवायचे. दुमडलेला म्हणजे वापरलेला. शेवटची सात-आठ वर्षं आमचं हेच चाललं.

खणात एक रोल होता. टोक बाहेर, कोपरा दुमडलेला. मी तो नखाने सरळ केला, उशीची खोळ सारखी करावी तसा, आणि तिच्या हातात दिला.

रविवारी त्यांचा गट दुसरा आला. सोमवारी आम्ही दोघींनी रोल धुतला. म्हणजे धुतला तिने, मी वेळ सांगत होते. ओली पट्टी उजेडात धरली तर प्रत्येक चौकटीत नाचणारी पोरं होती आणि त्यांच्या अंगावर पाण्याची टाकी. छत्तीसच्या छत्तीस चौकटींत तीच टाकी, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची. कोणाचा चेहरा दिसेना, कोणाचा हात.

"हे काय झालं?" ती म्हणाली.

मला लगेच कळलं, एकाच रोलवर दोनदा फोटो निघाले होते. अंथरुणाला खिळल्यावर हे रोज खिडकीतून एक फोटो काढायचे. रोल संपला तेव्हा, "ठेवते खणात, नंतर धुवू," असं मीच म्हटलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, कोपऱ्याचंसुद्धा.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"हाताला माहीत होतं. मला नव्हतं."

मला वाटलं, चिडेल. ती खाली फरशीवर बसली आणि रडली. मी शेजारी उभी होते. मला वाईट वाटायला हवं होतं, तेही कळत होतं. वाटत मात्र नव्हतं.

"असेच देऊन टाक," मी म्हणाले. "कोणाला कळतंय?"

"अर्धे आजोबांचे आहेत, आजी. माझं काम म्हणून कसे देऊ?" आणि ती अभ्यासाला बसली. मंगळवारी तिची परीक्षा होती.

मंगळवारी ती गेल्यावर मी चप्पल घातली. हे गेल्यापासून पाच महिन्यांत कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नव्हते. शेडपर्यंत चालायला पाऊण तास लागला. गटाचा म्होरक्या लिफ्ट दुरुस्त करतो, सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणतात. तो दुपारच्या सुट्टीत तिथे डबा खात होता.

"भिंगरीची आजी ना तुम्ही? बसा, बसा. लिफ्ट बंद पडली का?"

"नाही. मी तिचा रोल घालवला." आणि कसा ते सांगितलं.

तो डबा बंद करून म्हणाला, "आजी, आम्ही नाच बिघडवतो तेव्हा काय करतो माहितीये? पुन्हा नाचतो."

"ती म्हणते, स्पर्धा तर होऊन गेली."

"होऊन कुठली गेली, हरलो ना आम्ही! आमचा नीट नाच कोणालाच बघायला नाही मिळाला. सहाला घेऊन या तिला. मात्र पूर्ण वेळ फोटोच काढायचे म्हणावं. नाचायचं नाही. अर्ध्यात पळाली तर मी कॅमेरा लपवीन."

येताना मी नवा रोल विकत घेतला.

सहाला सगळे आले, कामाच्या कपड्यांतच. भिंगरी कॅमेरा घेऊन कडेला उभी. तिचे पाय जागच्या जागी ताल धरत होते आणि एकदा तर तिने एक पाऊल टाकलंच. लिफ्टवाला एका हातावर उलटा उभा होता, तिथूनच ओरडला, "ए, मागे!" ती मागे गेली. रांगेत तिची जागा त्यांनी रिकामीच ठेवली होती, कोणी भरली नाही. तिने तेच काढलं. छत्तीस चौकटी, आणि जवळजवळ प्रत्येकीत एका माणसाएवढी मोकळी फरशी.

रात्री धुतले, सकाळी छापले. दहा निवडताना ती मला विचारत होती आणि मी सांगत होते, स्टुडिओत सांगायची तसं. हा हलला. हा काळा पडला. हा ठेव.

बुधवारी पावणेपाचला आम्ही वर्गाच्या कचेरीत होतो. कारकुनाने फोटो मोजले, शिक्का मारला आणि पावती दिली. निकाल महिन्याने. भिंगरीने पावतीची घडी दोनदा घातली, दोनदा उघडली.

बाहेर आलो आणि पायऱ्या उतरताना मी थांबले.

"काय झालं, आजी?"

"पाय दुखतायत."

"खूप?"

"खूप," मी म्हणाले.

ती पायरीवर बसली आणि माझा हात धरून मला बसवलं. आम्ही बराच वेळ तिथेच बसून होतो.