पांढऱ्या गोळ्या देऊ नका

अडकून पडलेल्या ट्रकमधल्या सुरुबी माशांना आता वास यायला लागलाय.

रस्त्यावर पोरं फुटबॉल खेळतात. गोल म्हणजे दोन टायर. त्यातला एक जळतोय.

दूध पावडरीचा डबा, झाकणावर हसरी गाय.

बिनसुईची सिरिंज. आकडे घासून गेले म्हणून तिच्यावर नेलपॉलिशने ओढलेली लाल रेघ.

आमच्याकडे औषध कोणी टाकून देत नाही. चप्पल टाकतात, नवरा टाकतात, औषध नाही.

"ही पांढरी गोळी वाईट नाही," सांता क्रूसची डॉक्टरीण म्हणाली होती. "दुसऱ्या पोराला देवासारखी लागू पडेल. तुमच्या पोरीचा आजार वेगळा आहे. त्यात हीच गोळी झटक्यांना खाऊ घालते."

आज सकाळी सिरप लाल रेघेपर्यंत आलंच नाही. बाटलीत थोडं पाणी घातलं, खळबळून तेवढं नायेलीच्या तोंडात सोडलं. नायेली माझी मुलगी, सहा वर्षांची. तान्ही असताना तापात फिटचा पहिला झटका आला, आणि मग ताप, ऊन, गरम पाणी, कशानेही यायला लागला. चापारेसारख्या तापत्या मुलखात राहायचं आणि ऊन टाळायचं! हे सिरप आणि जोडीची छोटी गोळी सुरू झाल्यापासून कुठे ती सलग झोपते, कोंबड्यांच्या मागे धावते. छोटी गोळी घरात आहे. सिरप संपलं. एकदम बंद पडलं तर एक झटका थांबायच्या आत दुसरा येईल, हे डॉक्टरणीने माझ्याकडून म्हणवून घेतलं होतं, शाळेतल्या कवितेसारखं.

नवी बाटली सांता क्रूसहून निघालीय. बस ड्रायव्हर डॉन ग्रोव्हरकडे दिलीय, नेहमीसारखी. आमच्याकडे मानाने पुरुषाला डॉन म्हणतात, बाईला दोन्या. बस शेवटच्या नाक्यापलीकडे उभी आहे, कारण रास्ता रोको चालू आहे. रास्ता रोको आमचाच आहे. नदीवर पूल पाहिजे.

"ॲम्ब्युलन्स सोडतो की आपण," आमच्या संघटनेचे पुढारी डॉन तेओफिलो म्हणतात. गालात कोकाची पानं, हातात माझ्या हजेरीची चिठ्ठी.

"औषध ॲम्ब्युलन्समधून येत नाही हो, बसमधून येतं."

"एक बस सोडली की मागून मासेवाला येतो, केळीवाला येतो. मग पूल काय माझी सासू बांधणार?"

"मी चालत जाते."

"जा. पायांना बंदी नाही. पण दोन्या निएवेस, तुमची नाक्यावरची पाळी?"

"ती करू दे तुमच्या सासूबाईंना. पूल नाही तर नाही, दगड तरी उचलतील."

बायका फिदीफिदी हसतात. मी हसत नाही. मी निघालेय.

घरी नायेलीजवळ कोमाद्रे सेबास्तियाना आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच नायेलीला हातात धरलं होतं, म्हणून ती माझी कोमाद्रे, बहिणीच्या वरची. घरातून निघताना मी तिला सांगितलं:

"ओलं फडकं मानेवर ठेव. सावलीतून हलू देऊ नको. संध्याकाळचं औषध मी घेऊन येते."

"आणि नाहीच आलीस तर?"

"येते म्हटलं ना!"

हे बोलून निघाले तेव्हा वाटलं, सगळं सांगून झालं.

चालतेय. आडवं पाडलेलं झाड, खालून वाकून. दगडांची रास, वरून. शाळेचा नाका. झाड. पेट्रोल पंपाचा नाका. "कुठे निघालात दोन्या?" औषधाला. "आमच्यासाठी बियर आणा!" झाड. उन्हात डांबर चपलेला ओढतंय. मला ऊन लागलं की मी आधी तिचा विचार करते, मग सावली शोधते, सावली मिळाली की लाज वाटते, पुन्हा उन्हात येते. वेडेपणा. झाड.

लाकडाच्या वखारीचा नाका. इथे एक बाई मोठ्या पातेल्यात भात ढवळतेय. अडकलेला एक ट्रकवाला पोट धरून तिच्यापुढे बसलाय. ती कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची चुरगळलेली पट्टी काढते.

"कशाची आहे?" तो विचारतो.

"काय माहीत. आमच्या ह्यांना लागू पडली होती."

"त्यांचं पण पोटच होतं ना?"

"गुडघा होता. घे गपचूप."

तो घेतो. आणि माझे पाय थांबतात.

दूध पावडरीचा डबा. झाकणावर हसरी गाय. फळीवर, मिठाच्या मागे. आत त्या पांढऱ्या गोळ्या, कार्बामाझेपिनच्या. डॉक्टरणीने बंद केल्या, मी डब्यात ठेवल्या. औषध आहे, टाकायचं कसं? कोमाद्रेला ठाऊक आहे की नायेली झटक्यांसाठी ह्या गोळ्या घ्यायची. का बंद केल्या ते तिला ठाऊक नाही. मी संध्याकाळी पोचले नाही, पोरीचा हात थरथरायला लागला, तर ती काय करेल? जे मी केलं असतं तेच. प्रेमाने डबा उघडेल.

परत फिरावं?

मग सिरप? परत जाऊन पुन्हा इथवर यायला रात्र होईल.

पुढे जावं?

मग डबा?

दोन पावलं मागे. तीन पुढे. फोन मेलेला, कारण टॉवरचं डिझेल ज्या टँकरमध्ये आहे तो टँकर आमच्याच नाक्यावर अडकलाय. मी हसते की रडते ते त्या भातवाल्या बाईला कळत नाही.

"अहो, पाणी देऊ का?"

मी सांगते. भराभर, उलटसुलट. ती पातेल्यावर झाकण ठेवते.

"एवढंच ना? मग ओरडू की."

रास्ता रोकोत निरोप तोंडी जातो. एका नाक्यावरचा ओरडतो, वळणावरचा ऐकतो, तो पुढे ओरडतो. जेवण आलं. पोलीस आले. तेओफिलोची बायको तेओफिलोला शोधतेय. भातवाली बाई झाडाच्या बुंध्यावर चढते, तोंडापुढे हातांचा कर्णा करते:

"निएवेसच्या घरी सांगा! पोरीला पांढऱ्या गोळ्या देऊ नका! झटके वाढतात!"

लांबून बापयाचा आवाज: "कुठल्या गोळ्या?"

"गायीच्या डब्यातल्या!"

"गायीच्या गोळ्या?"

"डबा गायीचा, गोळ्या पोरीच्या! म्हण बघू परत!"

तो परत म्हणतो. ती आणखी एकदा म्हणायला लावते. मग त्याच्याही पलीकडे कोणीतरी ओरडतं, बारीक. मग ऐकू येईनासं होतं.

मी पुढे जाते.

डॉन ग्रोव्हर बसच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात झोळी बांधून पडलेत.

"या या, बंडखोर बाई! तुमच्यामुळे मी ह्या गुहेत राहतोय."

"माझं औषध?"

"उशाशी. अंडी असती तर खाल्ली असती." ते खोकं माझ्या हातात देतात. "उन्हात ठेवलं नाही हो. कशी आहे ती?"

"माहीत नाही."

झाकण उघडून वास घेते. तोच वास, खोट्या चेरीचा. निघते.

परतीची वाट. वखार: "पुढे ओरडले मी, पोचलं असेल." पंप: "आम्ही ओरडलो. पुढचं त्यांना विचारा." शाळा: "ओरडलो की! पोरीला गायीचं दूध देऊ नका, असंच ना?"

मी गर्रकन वळते.

"गंमत केली हो दोन्या! गोळ्या, गोळ्या. पांढऱ्या."

मी पळायला लागते. बाटली छातीशी. सूर्य झाडांच्या मागे गेलाय.

माझ्या अंगणात माणसंच माणसं. पहिल्या नाक्यावरच्या बायका उंबऱ्यावर बसल्यात, पहारा असल्यासारख्या. डॉन तेओफिलोंच्या मांडीवर दूध पावडरीचा डबा, वर दोन्ही हात.

"हा कोणालाच द्यायचा नाही ना?"

"नायेली?"

"आत."

कोमाद्रे सेबास्तियाना चुलीपाशी तोंड फिरवून उभी आहे. "आलीस? सगळ्या गावासमोर मला विष घालणारी ठरवलंस!"

"दिलीस का?"

"केळ्यात कुस्करली होती. चमचा तोंडाशी नेला आणि ही वीस माणसं बोंबलत अंगणात. चमचा पडला, कोंबडीने खाल्लं." ती तोंड माझ्याकडे फिरवते. "हात थरथरत होता गं तिचा. मी काय करणार होते?"

"कोंबडीला अजून काही झालेलं नाही," तेओफिलो बाहेरून सांगतात. "लक्ष ठेवून आहे मी."

नायेलीचा डावा हात खरंच थरथरतोय. डोळे उघडे, माझ्याकडे नाहीत. मी सिरिंज लाल रेघेपर्यंत भरते. कोमाद्रे माझं मनगट धरते. थोडं थोडं, गालाच्या आतल्या बाजूने. ती गिळते. पुन्हा गिळते. तोंड वाकडं करते, चेरीचा तिला राग आहे.

मग आम्ही दोघी बसून तिच्या हाताकडे बघत राहतो. बाहेर कोणी घरी जात नाही.

रास्ता रोकोचा ठराव सभेत मी मांडला होता; त्याच्या आधीच्या महिन्यात नदीला पूर होता, दवाखाना पलीकडच्या काठावर, आणि पाणी उतरेपर्यंत नायेली ह्या काठावर माझ्या मांडीवर झटके खात होती.