कांडीवर न बसणारा आवाज

लुइकाचं ते गाणं म्हणायचं की वाजवणं, यावरून केआवा गावच्या चर्चमध्ये एकदा चांगलीच जुंपली होती. पाचव्या रविवारचा नियम जुना. ज्या महिन्यात पाच रविवार येतात, त्यातल्या शेवटच्याला हवाईतल्या मोलोकाई बेटावरची सगळी चर्च एका ठिकाणी जमतात आणि एकेक घर उठून आपलं स्तोत्र म्हणतं. वाद्य चालत नाही, नुसते गळे. दुसऱ्याच्या घरच्या स्तोत्रात आपला आवाज घालायचा नाही, हाही नियमच. आणि ही बाई मांडीवर आडवी स्टील गिटार घेऊन खुर्चीत बसलेली!

“गिटार वाद्य नाही, तर काय कढई आहे?” एका म्हाताऱ्याने विचारलं.

“आधी ऐका, मग भांडा,” पाद्री नाहोआ म्हणाले, ज्यांना सगळे काहू म्हणत.

लुइकाने ऐकवलं. म्हातारा मान खाली घालून बसला, कारण गिटार त्याला ऐकू आलीच नाही. त्याला ऐकू आले ते लुइकाचे वडील, वर्षभरापूर्वी पुरलेले. त्यानंतर गिटारीवरून कोणी भांडलं नाही.

स्तोत्र चौघांचं होतं. वरची चाल लुइकाची. तिच्या खालून आई चालायची. अगदी तळातून पप्पांचा खर्ज. आणि आई-पप्पांच्या मधून वाट काढत धाकटा भाऊ केपा. आईला प्रत्येक ओळीत एक सूर हमखास उशिरा सापडायचा. ती खालून घसरत घसरत त्याच्यापर्यंत पोहोचायची. लुइका डाव्या हातातली पोलादी कांडी तारेवरून तशीच घसरवत न्यायची. पप्पांचा दम ओळ संपायच्या आत संपायचा. लुइका तिथे कांडी उचलायची, पप्पांना श्वास घेऊ द्यायची, मग पुढे जायची. स्वतःची चाल मात्र ती तोंडाने म्हणायची. केपाचा आवाज ती वाजवत नसे. आई आणि पप्पांच्या मध्ये तेवढं भगदाड राही, आणि गाण्याची जराशी जाण असलेल्यालाही ते बोचे.

“आंटी, तो मधला पण घ्या की,” चर्चमधली पोरं म्हणायची.

“कांडीवर तीन आवाज बसत नाहीत रे. दोनच बसतात.”

ही शुद्ध थाप होती. कांडी तिरकी धरली की तीन सूर आरामात बसतात, आणि ती तिरकी कशी धरायची हे लहानपणी केपानेच तिला दाखवलं होतं. खरं काय ते लुइकाने फक्त कलालाला सांगितलं होतं. कलाला म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्या शेजारी उभी राहून भात शिजवणारी मैत्रीण.

“आई-पप्पांना आता येता येत नाही, म्हणून त्यांचं मी वाजवते,” लुइका म्हणाली होती. “केपा जिवंत आहे. त्याचं त्याने येऊन गावं. मी कशाला वाजवू?”

कलालाच्या पोटात गोष्ट राहत नाही. दोन दिवसांत ते सगळ्या केआवाला माहीत झालं, आणि कोणालाच माहीत नसल्यासारखं गाव लुइकाशी वागत राहिलं.

केपा लास वेगासला एका हॉटेलात आचारी होता. पप्पा गेले तेव्हा तो आला नाही. सुट्टी मिळेना, असं फोनवर म्हणाला. आई त्याआधीच गेलेली, लुइका पप्पांच्या शेजारी एकटी बसलेली, डोकं फिरलेलं. “आता आलास तरी दार उघडणार नाही. राहा तिकडेच,” असं म्हणून तिने फोन आपटला. केपा तिकडेच राहिला. दोघं एकाच आईची लेकरं. तिने शब्द मागे घेतला नाही, त्यानेही तो मनातून काढला नाही. गाण्यातली ती रिकामी जागा हीच लुइकाची माफी होती. पण माफी अशी मागितली, तर ज्याची मागायची त्याला ती कळणार कशी?

घर तिला खायला उठायचं. शाळेत ती शेकडो पोरांचा भात लावायची आणि घरी येऊन अळूच्या कंदाची वाटीभर पोई एकटी खायची. कधीकधी तर ती रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याला उलटं बोलायची, कोणाशी तरी भांडण व्हावं म्हणून.

मग एका पाचव्या रविवारी पाद्री नाहोआंच्या पुतण्याने फोन खिडकीत टेकवून ठेवला. बेट सोडून गेलेल्यांना आता घरबसल्या स्तोत्रं दिसणार होती. “आज तरी ते भगदाड बुजवा आंटी, सगळं जग बघतंय,” तो म्हणाला. लुइकाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो फोन सरळ करण्याच्या निमित्ताने पलीकडे सटकला. त्या दिवशी तिने मधली जागा नेहमीपेक्षाही मोकळी ठेवली. आईला वर सरकवलं, पप्पांना खाली. मध्ये एक माणूस सहज मावला असता.

संध्याकाळी ती वाळवणातले मासे उलटत असताना फोन वाजला.

“कोण?”

“झालं, आवाजही विसरलीस.”

लुइका पायरीवर बसली.

“बघितलं मी,” केपा म्हणाला. मागे भांड्यांचा खणखणाट चालू होता. “इथल्या सगळ्यांना गोळा केलं होतं. म्हटलं बघा रे, आमचं घर गातंय. आई आली. पप्पा आले, मध्येच दम लागतो तोसुद्धा आला. आणि मी? मी कुठंय त्यात? घरातून हाकललंसच, आता गाण्यातूनही पुसून टाकलंस?”

“पुसलं?” लुइकाचा आवाज चढला. “अरे अकलेच्या कांद्या, त्यांना येता येत नाही म्हणून त्यांचं मी वाजवते. तुला काय धाड भरलीय? चांगला जिवंत आहेस ना, मेल्या! तुझी जागा आहे ती. ठेवलीय तुझ्यासाठी. येऊन गा!”

पलीकडे केपा भांड्यांपासून लांब गेला, खणखणाट मागे पडला.

“दार उघडशील?” त्याने विचारलं.

“आपल्या दाराला कडी होती कधी?”

तो हसला. हसता हसता खोकला. “येतो मग. पुढच्या पाचव्या रविवारी. पण शेवटचा सूर मी लांबवणार हं.”

“लांबव. चिमटा काढायला आई नाहीये आता.”

लहानपणी तो हेच करायचा. स्तोत्र संपलं, सगळे थांबले, तरी हा आपला सूर धरून उभा. मग आई पुढे बघत बघतच त्याच्या दंडाला असा चिमटा काढायची की सूर शेवटी किंचाळीतच संपायचा. पुढच्या बाकांवरची पोरं त्याचीच वाट पाहत बसायची.

लुइकाने त्याची खोली धुऊन काढली. गादी उन्हात टाकली. त्याला भातावर शिंपडायला मिरचीच्या पाण्याची बाटली भरली, कारण तिकडे ते चांगलं मिळत नसणार. शाळेच्या स्वयंपाकघरात ती गुणगुणायला लागली, तेव्हा कलालाने कोपराने ढोसलं. “काय गं, लग्न ठरलं का?”

“केपा येतोय. कुणाला सांगू नकोस.”

“मी? मी कशाला सांगते?” कलाला म्हणाली आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या शाळेला सांगून आली.

तो रविवार चार दिवसांवर आला असताना वेगासहून एका मुलीचा फोन आला. आवाज ओळखीचा नव्हता, पण हुंदका दाबायची रीत घरचीच होती.

“आंटी, मी केपांची मुलगी. केआला. आपण कधी बोललो नाही.” मग ती थांबली. “डॅड गेले. कामावरच कोसळले. बॅग भरून ठेवली होती हो त्यांनी.”

लुइकाने तिला धीर दिला, जेवलीस का विचारलं, अस्थी घेऊन इकडेच ये म्हणाली. फोन ठेवला आणि पायरीवर बसून राहिली. शेजारच्या कोंबड्या अंगणात येऊन वाळवणातला मासा ओढून गेल्या, तरी तिने हात उचलला नाही. कलालाला एक हाक मारली असती तर अर्धं गाव पातेली घेऊन धावत आलं असतं. पण ‘केपा गेला’ हे शब्द तोंडातून काढायला तिची जीभ धजेना. आपण त्याला तिकडेच राहा म्हटलं आणि तो तिकडेच राहिला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने गिटार मांडीवर घेतली आणि कांडी तिरकी केली. हात काही विसरला नव्हता. तिसरा आवाज पहिल्याच झटक्यात बसला. तिने घाबरून तारांवर तळवा ठेवला.

रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. लुइकाच्या खुर्चीशेजारी कोणी तरी दुसरी खुर्ची मांडून ठेवली होती. कलाला मांडीवर फुलांचा हार घेऊन पहिल्या बाकावर, आणि हार कोणासाठी हे विचारायची गरज नव्हती. पोरं दाराशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती.

“विमान उशिरा आलं का?” पाद्री नाहोआंनी हळूच विचारलं. “थांबायचं का जरा? तुमचं घर शेवटी ठेवू.”

“नको काहू,” लुइका म्हणाली. “आत्ताच म्हणते.”

ती बसली. तळातून पप्पा निघाले. आई नेहमीसारखी उशिरा, घसरत आली. लुइकाने चाल धरली, आणि तिच्या कांडीचं एक टोक हळूच पुढे झुकलं.

आई आणि पप्पांच्या मधून केपा गायला लागला.

“आला!” कलाला ओरडली आणि हार घेऊन ताडकन उठली. सगळं चर्च मागे वळलं. दारात पोरं होती, पोरांच्या मागे रिकामा रस्ता. मग माना एकेक करून पुन्हा पुढे वळल्या आणि लुइकाच्या डाव्या हातावर येऊन थांबल्या. तिथे कांडी तिरकी होती. पाद्री नाहोआंनी डोळे मिटले. कलाला हार तसाच हातात धरून खाली बसली.

लुइका गात राहिली. चारही आवाज इतके नीट जुळून केपाने बेट सोडल्यापासून कधी लागले नव्हते. कुठे म्हणून फट नव्हती, आणि त्यात जितं माणूस ती एकटी होती. पप्पांना दम लागला तिथे ती थांबली. केपाने स्तोत्रात मुळी नसलेली एक हरकत घेतली, तीही तिने घेऊ दिली.

शेवटची ओळ आली. तिने आपली चाल थांबवली. आईची तार बोटाने मिटवली, पप्पांची मिटवली. केपाची तेवढी ठेवली. कांडी तारेवर थरथरवत ती सूर धरून बसली. तो लांबवायचा त्याहून लांब. पुढच्या बाकावरची तेव्हाची, आता म्हातारी झालेली पोरं त्या दुसऱ्या खुर्चीकडे बघत होती. तारेतला जीव बारीक बारीक होत गेला, लुइका कांडी हलवतच राहिली, आणि तो पुरता संपेपर्यंत कोणीही आमेन म्हटलं नाही.