मालनबाई माहेरी जाते

ट्रॅक्टरवाल्याने करकचून ब्रेक दाबले तेव्हा ओवी चाकाच्या अगदी पुढ्यात उभी होती आणि हसत होती.

"ए पोरी, मरायचंय का!" तो वरून ओरडला. ओवीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग चाकाचा ओला चिखल बोटाने खरवडून तोंडात घातला.

मालनबाई झेंडूच्या वाफ्यातून धावत आली आणि तिने नातीला उचललं. बांधावरून शेजारची पुतळाबाई म्हणाली, "लय धीट हाय गं तुझी नात! आमचा नातू ट्रॅक्टर दिसला का घरात पळतो."

"हाय खरी," एवढंच मालनबाई म्हणाली. एरवी ही बाई एका शब्दाला दहा शब्द परत करणारी. फुलबाजारात तिच्या पाटीशी गिऱ्हाईक थांबलं की फुलं घेऊन जायचं ते तिच्या माहेरची सगळी हकिकत ऐकूनच. भाऊ वाळू रेल्वेत गँगमन आहे, मनमाडला पाण्याची मारामार पण बहीण येणार म्हटलं की भाऊ गोड्या पाण्याचा हंडा भरून झाकून ठेवतो, भावाची थोरली लेक तिने स्वतःच्या घरात सून करून आणली आहे, वगैरे. झेंडू घ्यायला आलेल्या माणसाला याचं काय करायचं असतं? पण लोक ऐकून घेत. बाई खोटं बोलत नव्हती.

ती सून म्हणजे सुवर्णा. ती आली आणि तिने ओवीला कडेवर घेतलं. ओवी बसली, पण तिने आईच्या गळ्यात हात टाकला नाही. तिला ट्रॅक्टरवाल्याने घेतलं असतं तरी ती अशीच बसली असती.

ओवी चार वर्षांची होती. ती दोन वर्षांची असताना तिला ताप भरला, आकड्या आल्या आणि मेंदूज्वर निघाला. तिच्याआधी एक मुलगा झाला होता. वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा त्याला असाच ताप आला आणि तो घरी परत आलाच नाही. लोक म्हणाले, बाहेरचं आहे. ओवीला मात्र वेळेत औषध मिळालं. ती घरी आली तेव्हा मालनबाईने अख्ख्या मखमलाबादभर पेढे वाटले होते.

मग हळूहळू लक्षात यायला लागलं. ओवीने तापल्या तव्यावर हात ठेवला, भाजलं म्हणून रडली, आणि हात बरा झाला तशी पुन्हा तव्याकडे गेली. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात तिने हात घातला. एकदा भंगारवाल्याचं बोट धरून थेट नाक्यापर्यंत गेली. अंधाराला बिचकणं, परक्याला पाहून रडणं, आई दिसेनाशी झाली की घाबरंघुबरं होणं, हे लेकराला कुणी शिकवत नाही. ते पोटातूनच घेऊन येतं. ओवीचं ते सगळं त्या तापात गेलं होतं. दिवस मावळला की वस्तीवरची पोरं आपापल्या आयांना शोधत घराकडे पळत, ओवी होती तिथेच खेळत बसे. एकदा फुलं निवडता निवडता सुवर्णा म्हणाली, "आत्या, ही भ्यायली असती तर माझ्याकडं आली असती ना?" मालनबाईने आणखी फुलं पुढ्यात ओढली.

त्याच पावसाळ्यात, २००८ साली, मालनबाई आणि तिचा मुलगा भारत, सुवर्णाचा नवरा, सुवर्णाला आणि ओवीला घेऊन एका मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मुंबईहून अधूनमधून नाशिकला येणाऱ्या, चांगल्या होत्या. त्यांनी ओवीशी बराच वेळ खेळून पाहिलं. मग विचारलं, "नवराबायको नात्यातले आहेत का?"

"माझ्या सख्ख्या भावाची लेक केली मी," मालनबाई थाटात म्हणाली. दवाखान्यातसुद्धा तिला माहेर मिरवायचं होतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. जमेल तेवढं सोपं करून त्या सांगू लागल्या. ओठाला जर उठतो ना, पाण्याचे बारके फोड, त्याचाच हा विषाणू. तो बहुतेकांच्या अंगात असतो, जर येतो आणि जातो. पण एखाद्या मुलाच्या अंगात त्याला मेंदूत अडवणारं जे असतं, ते जन्मापासूनच उणं असतं. उणीव आई किंवा बाप अशा एकाच बाजूने आली तर माणूस धडधाकट राहतो, दोन्ही बाजूंनी आली की मूल त्याच्या तावडीत सापडतं. ओवीच्या मेंदूत भीती जिथून उठते ती जागाच त्या तापाने नासवली. "परदेशात हे आत्ता कुठे कळायला लागलंय. आपल्याकडे तशी तपासणी होत नाही, म्हणून छातीठोकपणे नाही सांगत. पण दोन मुलं आणि तोच आजार, शिवाय आईवडील एकाच रक्ताचे. मला दुसरं काही दिसत नाही."

मालनबाईचा हात ओठाकडे गेला. तिला दर उन्हाळ्यात जर उठायचा. जर उठला म्हणजे ताप तोंडावाटे निघून गेला, असं तिची आई सांगे, म्हणून तिला उलट हायसं वाटायचं. तशाच ओठांनी तिने दोन्ही नातवंडांचे मुके घेतले होते. तिने विचारलं, "म्हंजे माझ्याच तोंडातनं गेलं का वो?"

"मावशी, तुमच्याकडून की आणखी कुणाकडून, हे कुणीच सांगू शकणार नाही. तुमचा दोष नाही." मालनबाईने यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

"घरात असं आणखी कुणाचं लग्न ठरलंय का?" बाईंनी विचारलं, आणि तिघांनीही खाली पाहिलं.

ठरलं होतं. मालनबाईचा धाकटा स्वराज देवळाली कॅम्पात एका दुकानात हिशेब बघत होता. त्याला भावाची धाकटी लेक प्रतिभा, म्हणजे सुवर्णाची पाठची बहीण, मागितली होती. अक्षय्य तृतीयेला सुपारी फुटली होती, तुळशीचं लग्न लागलं की हळद. दोघी बहिणी एका घरात, आणि वर आत्याच सासू. मालनबाईने हे बाजारात कितीजणांना सांगितलं होतं त्याला गणती नाही.

घरी आल्यावर सुवर्णा तिच्या पायाशीच बसली. "आत्या, माझं झालं ते झालं. प्रतिभाच्या वाट्याला हे नको."

"नाय येणार. मी जाते, वाळूला, तुझ्या दादांना समजावून सांगते."

"काय सांगशील? रक्तात खोट हाय म्हणून? ठरलेलं मोडलं का लोक कारण विचारत्यात. दादांच्या पोटात काय राहातंय का? दोन दिवसांत सगळ्या मनमाडला कळंल. मग तिला कोण करंल?"

हे मालनबाईच्या डोक्यात आलं नव्हतं. प्रतिभाला दुसऱ्या, लांबच्या घरात दिलं तर काही धोका नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. पण लांबच्या घराला बाईंचं म्हणणं कोण समजावणार? त्यांना एवढंच कळेल की या घरच्या लेकींची पोरं जगत नाहीत. शेवटी ती म्हणाली, "बरं. मग माझं मन फिरलं, असं सांगते."

सुवर्णा रडायला लागली. बापाच्या तोंडावर खोटं बोलणं तिला जमलं नसतं, म्हणून ती गेली नाही. ओवीला मात्र मालनबाईने बरोबर घेतलं. दसऱ्याच्या तोडणीत तिच्यामागे धावायला घरी कुणी मोकळं नव्हतं.

वाळूचं घर मनमाडच्या अलीकडे, रुळांना लागून होतं. आई गेली तेव्हा तो रांगत होता, मालनबाईने त्याला कडेवर घेऊनच भाकरी थापायला शिकून घेतलं होतं. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, तरी तो रस्त्यापर्यंत सामोरा आला. "आक्का, ये! दोन दिस आधी कळवलं असतं तर स्टेशनवर आलो असतो." त्याची बायको ठमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. प्रतिभाने वाकून नमस्कार केला आणि लाजून आत पळाली. होणारी सासू आली होती ना!

मालनबाईला जेवण गेलं नाही. तिने ताट सारलं आणि एका दमात बोलून टाकलं. "वाळू, हे लगीन व्हायचं नाय."

"आँ?"

"स्वराज आता शहरात राहातो. त्याला तिकडचीच, शिकलेली पायजे. आमालाबी दुसरीकडनं चांगलं स्थळ सांगून आलंय."

वाळूला आधी थट्टाच वाटली. मग त्याने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. "आक्का, सगळी भावकी जेवली हाय सुपारीला. प्रतिभाचं वय निघून चाललंय. आता मी तोंड कुठं लपवू?"

"पोर देखनी हाय. मिळंल तिला कुणीबी."

"कुणीबी?" वाळू उठून उभा राहिला. "माझी एक लेक तुझ्या घरात खपती, एक लेकरू तिनं तिथंच मातीत घातलं, मी एका शब्दानं तुला बोललो का? आन आता पैशावाल्याची मागनी आली तर माझी दुसरी लेक नको झाली तुला?" त्याचा आवाज चढत गेला. ठमाबाई भिंतीला चिकटली. त्याने समोरचं ताट भिरकावलं, ते दारावर आदळून खणखणत गेलं.

ओवी तेवढ्यात उठली आणि सरळ त्याच्याकडे गेली. त्याचं धोतर धरून त्याच्या पांढऱ्या मिशांना हात लावायला टाचा उंचावू लागली. वाळूने उगारलेला हात तसाच राहिला. तो मटकन खाली बसला, ओवी त्याच्या मांडीवर चढली आणि मिशीशी खेळू लागली. तो हुंदके देत होता, त्याचंही तिला काही वाटलं नाही.

या घटकेला मालनबाईने सगळं सांगितलं असतं. शब्द ओठावर आलेच होते. पण प्रतिभा आतल्या दारात येऊन उभी होती.

"आत्या, माझं काय चुकलं?"

मालनबाईला वाटलं, या पोरीला जवळ घ्यावं आणि म्हणावं, बाई गं, तुझं काही चुकलं नाही, तुझ्या आत्याने हौसेने एक लेक नेली आणि तिची राख केली, आता दुसरी न्यायची नाही. ती म्हणाली, "तुझं काय नाय. आमालाच पसंत नाय."

प्रतिभा आत गेली.

मालनबाईने पिशवी उचलली. ठमाबाई सवयीनेच सुपात तांदूळ आणि खण घेऊन पुढे झाली. लेक माहेराहून निघाली की तिची ओटी भरायची, तशी आजवर प्रत्येक खेपेला भरली होती.

"ठेव ते," वाळू म्हणाला. "हिची ओटी भरायची नाय. हिला हितं माहेर नाय आजपासनं."

ठमाबाईने सूप खाली ठेवलं. "वन्सं, असं का वो केलं?" ती हळूच म्हणाली. मालनबाईने ओवीला भावाच्या मांडीवरून काढून घेतलं. त्याने मान दुसरीकडे वळवली होती. ओवी रडली नाही, की मागे वळून पाहिलं नाही.

स्टेशनकडे जाणारी पायवाट रुळांच्या कडेने होती. मालनबाईने ओवीचं मनगट घट्ट धरलं. लांबून गाडी येत होती आणि ओवी तिच्याकडे ओढ घेत होती. आता भाऊबीजेला कुणाला ओवाळायचं, बाजारात कुणाची गोष्ट सांगायची, असले वेडे विचार मालनबाईच्या मनात येत होते. तिला जोरात रडायचं होतं, पण पोरीला धरून रडता येईना.

"आत्या!"

प्रतिभा धावत आली होती. अनवाणी, डोळे सुजलेले. तिच्या ओंजळीत तांदूळ होते. कुवार मुलीने ओटी भरायची नसते, हे तिला माहीत नसेल असं नाही.

"पदर धर," ती म्हणाली. "दादा रागात बोलले. माहेराहून रिकामी जाऊ नको."

मालनबाईने पदर पुढे केला. प्रतिभाने ओंजळ ओतली आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. शेजारून गाडी धडधडत जाऊ लागली. मालनबाईच्या एका हातात तांदळाचा पदर होता, दुसऱ्या हातात गाडीकडे झेपावणाऱ्या ओवीचं मनगट. पायाशी वाकलेल्या पोरीच्या डोक्यावर ठेवायला तिच्याजवळ मोकळा हात नव्हता.