पुढच्या रांगेची चकाकी

बर्नार्ड सर शाळेतून निवृत्त झाले, पण गायनमंडळातली पुढची खुर्ची त्यांनी सोडली नव्हती. गळा बसला, दात गेले, खुर्ची राहिली. यंदा चर्चच्या सणाची मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना, मोबाइलवर थेट दिसणार होती. गायनमंडळ सांभाळणाऱ्या ॲनिशाने फार गोड आवाजात विचारलं, "सर, तुमची गिटार जरा निस्तेज दिसते. कॅमेऱ्यासाठी म्हणून मागच्या रांगेत बसाल?"

सरांनी हिशेब मांडला. गिटार निस्तेज, म्हणजे आपण निस्तेज. आणि मागच्या रांगेत गेलेला माणूस परत पुढे आल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आणि चमकली तर?"

"मग प्रश्नच नाही, सर," ॲनिशा म्हणाली. ती चमकणार नाही याची तिला खात्री होती.

सरांच्या बायकोने, मार्थाबाईंनी, खोबरेल सुचवलं. "माझे केस बघा." सरांनी केस बघितले, गिटारला खोबरेल चोळलं, आणि संध्याकाळी गिटारवर मुंग्यांची मिरवणूक निघाली.

भाचा जेन्सन फुलपाड्यात गाड्या धुतो. त्याने गाडीच्या डॅशबोर्डवर मारायचा स्प्रे दिला. चमक आली, पण सर वाजवायला बसले की गिटार मांडीवरून खाली. "मामा, गाडीला कुणी मांडीवर घेत नाही ना!" जेन्सन म्हणाला. स्प्रे पुसून काढण्यात सरांचे दोन बनियन कामी आले.

मग सरांना सेबॅस्टियन आठवला. गावातलं सगळ्यात चकचकीत लाकूड त्याच्याकडे तयार होतं. तो शवपेट्या बनवतो.

"अहो, त्याच्या दुकानात आपल्या पायांनी कोण जातं!" मार्थाबाई ओरडल्या. सर गेले.

सेबॅस्टियन हरखला. "सर, माझं काम सगळा गाव बघतो, पण डोळे पुसत पुसत. तारीफ करायचं भान कुणाला असतं?" त्याने आधी बारीक पॉलिशने ओरखडे घासून काढले, मग मेणाचा डबा उघडला. सरांनी घाईघाईने मोठा गोळा उचलला.

"पावाला लोणी लावताय का? लावलं की नाही असा संशय यायला पाहिजे, इतकं पातळ!"

तासभर चोळल्यावर गिटारमध्ये सरांचा चेहरा दिसू लागला. नको इतका स्पष्ट.

सणाच्या दिवशी ॲनिशाने शब्द पाळला, तोंड तेवढं वाकडं केलं. सर पुढे बसले. पहिलं गीत सुरू झालं आणि मागे बसलेल्या मेरी आंटींनी नाक वर केलं. मेणाचा तो वास आळीतल्या प्रत्येकाने कुणाला ना कुणाला निरोप देताना घेतलेला.

"विनी, कोण गेलं गं?" त्यांनी शेजारणीला विचारलं.

"कोणीच नाही. सर वाजवतायत."

"वाजवतायत? मग वास कसा?" मेरी आंटींनी क्रुसाची खूण केली.

सरांच्या शेजारी गाणाऱ्या जॉयलने खुर्ची हळूच सरकवली. पलीकडच्या मर्लिनला एकदम पंख्याखाली बसावंसं वाटलं. दुसरं गीत संपेपर्यंत पुढच्या रांगेत सर एकटे होते. कॅमेरावाल्या सुमेधला दुसरं काही दिसेना, म्हणून त्याने गिटारच दाखवत ठेवली.

मेणाचा हा अपमान सेबॅस्टियनला सोसवेना. तो लोकांतून उठला, गीतांचं पुस्तक घेऊन सरांच्या शेजारी बसला आणि गाऊ लागला. सुराशी त्याची ओळख नव्हती, आवाजाला मात्र कमी नव्हती.

मिस्सा संपल्यावर ॲनिशा धावत आली. "सर, पुढची खुर्ची तुमचीच, कायमची! फक्त सेबॅस्टियन अंकलना तेवढं सांगा, गाऊ नका म्हणावं."

"तू सांग ना."

"मी?" ॲनिशाने जॉयलकडे पाहिलं. जॉयलने मर्लिनकडे पाहिलं. मर्लिनने आपल्या म्हाताऱ्या आजीकडे पाहिलं आणि मान हलवली. सेबॅस्टियनशी वाईटपणा घ्यायला गावात कोण तयार होणार? प्रत्येकाचं एक काम त्याच्याकडे बाकी होतं.

पुढच्या रविवारी पुढच्या रांगेत दोन खुर्च्या मांडल्या होत्या.