कापलेला आर्म

मी गाडीचा आर्म बोलतोय. खरं तर अर्धाच. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवायचं आणि खड्ड्यातला धक्का सोसायचा, हे माझ्या जातीचं काम. मी मात्र रस्ता कधी पाहिलाच नाही.

माझ्या आधी कारखान्यातल्या प्रेसमधून, म्हणजे तापला धातू साच्यात दाबणाऱ्या यंत्रातून, निघालेल्या आर्मच्या वाकणापाशी धातू स्वतःवरच दुमडलेला असायचा. दुमडीत चीर लपते, आणि चीर म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ. ढीगभर अ‍ॅल्युमिनियम भंगारात जायचं. मालकांनी ठणकावलं, "या वेळी जमलं नाही, तर हे काम बंद!"

डिझाइनच्या मॅडम साच्यात धातू कसा सरकेल ते संगणकावर बघत बसायच्या. प्रेस चालवणाऱ्या कारागिराला सगळे 'मास्तर' म्हणत. ते एकदा म्हणाले, "मॅडम, संगणकात धातू गुमान वळतो. इथं रुसतो."

"मग काढू या त्याचा रुसवा," त्या हसल्या.

दोघं हात धुऊन मागे लागले. सरळ कांब थेट साच्यात घालण्याऐवजी ती आधीच घडवून घेतली. रुंद भागाला जाड, मानेशी बारीक. साचाही जास्त तापवला. वाद घालता घालता कितीदा चहा गार झाला!

आणि मी जन्मलो. एकही दुमड नाही.

"नाव ठेवायला जागा नाही," मास्तर म्हणाले.

पण पोट बघितल्याशिवाय विश्वास कोण ठेवणार? मॅडमनी जड मनानं मला करवतीखाली दिलं. उभा चिरला गेलो. घासून अ‍ॅसिडनं धुतल्यावर धातूच्या आतल्या रेषा विंचरलेल्या केसांसारख्या वाकणावरून सलग गेलेल्या दिसल्या. काम वाचलं. माझी भावंडं गाड्यांना लागली. माझा एक भाग मॅडमनी ठेवला, दुसरा मास्तरांनी.

मग मॅडमना दूरच्या कारखान्यात हेच काम उभं करायला बोलावलं. मास्तर फाटकापर्यंत आले.

"तिकडे साचा नीट तापवा. घाई करू नका."

"एवढंच?"

ते हातमोजा काढत, घालत राहिले. "एवढंच."

आता मी मॅडमच्या नव्या टेबलावर असतो. कुणी विचारतं, "हा तुटका तुकडा कशाला?"

"तुटका नाही, कापलेला आहे," त्या म्हणतात.

परवा इथलाही पहिला आर्म बिनदुमडीचा निघाला. टाळ्या वाजल्या. मॅडम हौसेनं प्रेसकडे वळल्या, "मास्तर" म्हणायला तोंडही उघडलं. तिथं भलताच माणूस उभा होता.

संध्याकाळी त्या माझ्या रेषांवरून बोट फिरवत बसल्या. मला वाटलं, आता फोन उचलतील. नाही उचलला.

माणसांनो, आम्हाला वळायला भट्टी लागते, वर टनांचा दाब लागतो. तुमचं एका शब्दावर भागतं. तेवढा बोलत जा हो.