जोड

कात्रीने पडद्यावरच्या बाईंना पुन्हा एकदा गप्प केलं.

आधी दिग्दर्शकाचा प्रश्न यायचा, "मीटर चुकीचे आकडे दाखवतं, हे तुम्हाला माहीत होतं?" आणि बाई मान खाली घालायच्या. ओठ उघडायचे, मिटायचे. मांडीवरचा रुमाल त्या पिळून काढल्यासारखा आवळायच्या आणि नजर वर करायच्या, पण समोर नाही, कुठेतरी बाजूला. तेवढ्यात चित्र बदलून कुलूप लावलेल्या कारखान्याचं फाटक दिसायचं.

जोड शोधूनही सापडत नव्हता. प्रश्न एकीकडचा होता आणि गप्प बसणं दुसरीकडचं. खोलीतल्या पंख्याचा आवाज कात्रीने दोन्हींच्या खालून सलग पसरून घेतला होता, त्यामुळे कानालाही शंका येत नव्हती. काम चोख झालं होतं. असं काम झालं की ती खुर्चीत मागे रेलून मान मोडायची. आज तिने मान मोडली नाही.

चित्रपट जोडायचं काम ती इतकी वर्षं करत होती की तिचं खरं नाव आता श्रेयनामावलीपुरतंच उरलं होतं. बाकी सगळीकडे ती कात्रीच. कुणाचा रटाळ चित्रपट बघण्याजोगा झाला की कात्रीने हात मारला असेल, असं लोक म्हणायचे. तिलाही ते आवडायचं.

हा माहितीपट एका कंपनीवर होता. घरच्या घरी रक्तातली साखर मोजायचं मीटर ही कंपनी बनवत असे. मीटर आकडा कमी दाखवतं हे प्रयोगशाळेने वरच्यांना कळवलं होतं. पण त्याच सुमारास एक मोठी कंपनी ही कंपनी विकत घ्यायला निघाली होती. बोभाटा झाला असता तर सौदा फिसकटला असता. म्हणून वरच्यांनी तोंडं मिटली आणि ते मीटर विकत राहिले. त्यांच्या एका बैठकीचं ध्वनिमुद्रण मिळालं होतं. त्यात कुणीतरी म्हणतं, "म्हातारी माणसं घेतात हो, कोण पडताळून बघायला बसलंय?" आणि सगळे हसतात. ते हसणं कात्रीने कामासाठी इतक्यांदा ऐकलं होतं की कोण आधी हसतं आणि कोण साहेबांचं बघून हसतं, हे तिला पाठ झालं होतं.

मीटरवर भरवसा ठेवून कुणाची नजर गेली होती, कुणाचा पाय. कुणी माणूसच गेलं होतं. आणि मोठे साहेब जामिनावर सुटून घरच्या बागेत फिरत होते. त्यांच्यापैकी एकही जण कॅमेऱ्यासमोर आला नाही. आल्या त्या फक्त मोठ्या साहेबांच्या सेक्रेटरीबाई.

"चॅनेलचं म्हणणं आहे, आतल्या माणसाच्या तोंडावर काहीतरी दिसलं पाहिजे," दिग्दर्शक म्हणाला होता. "ही बाई नुसतं 'नाही' म्हणून मोकळी होते. अगदी सपाट."

"पण ती शांतता त्या प्रश्नाची नाही," कात्री म्हणाली होती.

"तिचे तिथले शब्द वापरायचे नाहीत, असं आपण तिला कबूल केलं. वापरले का? नाही. गप्प बसणं वापरायचं नाही, असं कधी ठरलं होतं?"

कात्रीने जोड दिला.

बाईंनी मुलाखतीआधी एकच अट घातली होती. आपला भाग आपल्याला दाखवल्याशिवाय लावायचा नाही. त्याप्रमाणे दुपारी त्या आल्या. बरोबर मुलगी होती, नोकरीला लागलेली, हातात हेल्मेट. अर्धा दिवस रजा टाकून आईला स्कूटरवर घेऊन आली होती. खोली लहान, दिग्दर्शक दाराशी उभा होता. बाई सोफ्यावर टेकल्या. मुलगी शेजारी बसली नाही, सोफ्याच्या हातावर बसली आणि आईच्या खांद्यामागे हात टाकला.

"आई टीव्हीवर येणार म्हणून कालपासून साडी ठरत नव्हती," ती म्हणाली. "मी म्हटलं, अगं, शूटिंग कधीच झालं."

"गप गं," बाई म्हणाल्या, पण त्यांना हसू आलं होतं.

कात्रीने चित्र सुरू केलं.

सुरुवातीला बाई बोलत होत्या ते खरं, सलग होतं. नोकरी कशी लागली, साहेबांना चहा किती कडक लागायचा, बैठकीचं दार लागलं की आपण बाहेरच्या टेबलाशी कशा बसून राहायचो. मुलगी मान डोलावत होती. ही गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती.

मग तो प्रश्न आला. पडद्यावरच्या बाईंनी मान खाली घातली.

कात्रीने पडद्याकडे पाहिलं नाही. ती सोफ्याकडे पाहत होती. मुलीचा हात आईच्या खांद्यामागून हळूहळू सुटला आणि तिच्या स्वतःच्या मांडीवर आला. कारखान्याचं फाटक आलं आणि कात्रीने चित्र थांबवलं.

"आई," मुलगी म्हणाली, "तू तर म्हणायचीस, तुला काहीच माहीत नव्हतं."

"नव्हतंच."

"मग 'नाही' म्हणायला एवढा वेळ?"

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कात्रीकडे पाहिलं. रागाने नाही. आपलीच हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी दिसावी आणि मागता येऊ नये, तसं पाहिलं. तेव्हाच कात्रीला कळलं की बाईंनी ती शांतता ओळखली आहे.

ओळखणारच. ती कुठली होती, हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं. नव्हतं ते फक्त मुलीला. मुलाखत संपत आली असताना दिग्दर्शकाने सहज विचारलं होतं, "तुमच्या घरी कुणी वापरलं का हो ते मीटर?" आणि बाई गप्प झाल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या होत्या, "सासूबाईंनी. हे घेऊ नका. बंद करा ते." कॅमेरा बंद झाला, पण आवाज मुद्रित होत राहिला. कंपनीने नोकरांना भेट दिलेलं मीटर बाईंनी हौसेने घरी नेलं होतं. संध्याकाळी नात ते आजीच्या बोटाला लावायची, आकडा बघून म्हणायची, "आजी, आज तू पास," आणि बक्षीस म्हणून आईस्क्रीम भरवायची. चमचा आजीच्या हातात द्यायची नाही, स्वतः भरवायची. आधी आजीचा पाय गेला, मग आजी. "मुलीला सांगितलंय, आपलं मीटर जुन्या लॉटचं, चांगलं होतं," असं बाई त्या आवाजात म्हणतात. "तिला कळता कामा नये."

"उशीर होतोय," मुलगी उठली. "मी खाली थांबते." चप्पल सरकवत ती निघून गेली. हेल्मेट सोफ्यावरच राहिलं.

दिग्दर्शक पुढे आला. "बाई, काही हरकत असेल तर..."

"कुठे सही करायची?" बाई म्हणाल्या.

त्याने कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून सही केली. दिग्दर्शक तोंडभर आभार मानून चॅनेलला फोन लावायला बाहेर गेला. त्याचा आनंद जिन्यापर्यंत ऐकू येत होता.

कात्रीने खुर्ची वळवली. "बाई, ते मी केलंय. मीच जोडलंय. आत्ता काढते."

"कशाला?"

"तुमची मुलगी तुम्हाला खोटारडी समजून गेली."

"हो ना." बाईंनी चष्मा घडी करून पर्समध्ये ठेवला. "काढलंत तर विचारेल, मग ती शांतता कशाची होती. मला तिच्याशी खोटं बोलायला जमत नाही हो. एकदाच बोलले, त्यातच माझी दमछाक झाली."

"पण मग ती कायमची..."

"माझ्यावर रागवेल. रागवू दे. आईवर रागवून माणूस जगतं, जेवतं, कामाला जातं. स्वतःवर रागवली तर?" त्या उठल्या. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "जोड छान झालाय. मलाच क्षणभर वाटलं, मी अशीच बसले होते की काय. मला माहीत होतं की काय."

ते बोलणं कात्रीच्या जिव्हारी लागलं. जामिनावर बागेत फिरणाऱ्या माणसाने या बाईचं घर एकदा नासवलं होतं. आता आपण तिला तिच्या स्वतःच्या आठवणीबद्दलच साशंक केलं होतं, आणि तेही त्या माणसाचं खोटं उघडं पाडायच्या चित्रपटात.

दारावर टकटक झाली. मुलगी परत आली होती.

"हेल्मेट राहिलं."

कात्रीने सोफ्याकडे बोट केलं. मुलीने हेल्मेट उचललं, पण ती गेली नाही. काच वर-खाली करत उभी राहिली.

"एक विचारू? ती खरंच इतका वेळ गप्प बसली होती?"

"नाही. तुझी आई लगेच 'नाही' म्हणाली होती. गप्प बसलेला तुकडा दुसरीकडचा आहे. तो मी आणून इथे लावला. चूक माझी."

मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला, ती हसेल की काय असं वाटलं. पण लगेच तिची भुवई वर गेली.

"दुसरीकडचा म्हणजे? काय विचारलं होतं तिला?"

खोटं बोलायचं ठरवायला कात्रीला वेळ लागला नाही. "काही नाही. चहा आला होता, म्हणून आम्ही थांबलो होतो. कॅमेरा चालू राहिला."

"अच्छा," मुलगी म्हणाली. "चहा."

ती दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवून, मागे न वळता म्हणाली, "शूटिंग आमच्याच घरी झालं ना. त्या दिवशी संध्याकाळी मी आले तेव्हा ट्रेमध्ये कप तसेच भरलेले होते. तुमच्या लोकांनी चहाला हातसुद्धा लावला नव्हता. आई हळहळत होती."

कात्रीने मान खाली घातली.

पुढचा प्रश्न मुलीजवळ होता, तो तिच्या पाठीवरून दिसत होता. तिने तो विचारला नाही.

"आईला सांगू नका, मी विचारायला आले होते म्हणून," ती म्हणाली. "जाते. ती उन्हात उभी आहे."

कात्री खिडकीशी गेली. खाली बाई स्कूटरजवळ पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. मुलगी आली तशा त्या अंग चोरून बाजूला सरकल्या, बोलणी खायच्या तयारीने. मुलीने आपलं हेल्मेट आईच्या डोक्यावर चढवलं. कानावर आलेले पांढरे केस बोटाने आत सारले आणि हनुवटीखाली पट्टा लावायला लागली. पट्टा लागत नव्हता. बाई वर तोंड करून काहीतरी विचारत होत्या, आणि मुलगी ओठ घट्ट मिटून, नुसती मान हलवत, पट्ट्याशी झटत राहिली. अखेर तो लागला. तरी तिने हात लगेच काढला नाही. आईच्या गालावर तो तसाच राहिला, आणि मग दोघी निघून गेल्या.

दिग्दर्शक आत आला तेव्हा कात्रीने तो तुकडा काढलेला होता.

"हे काय? सही मिळालीय!"

"मिळालीय ना. जपून ठेव."

"कात्री, सबंध चित्रपटात आतला एवढा एकच चेहरा आहे आपल्याकडे."

"मग तो तिचाच असू दे."

तो चिडला, त्याने विनवण्या केल्या, मग दुसरा संकलक आणायची धमकी देऊन बाहेर गेला. आणलाही असता. हे तिला पक्कं माहीत होतं. तोपर्यंत खोली तिची होती.

तिने मूळ मुलाखत उघडली, बाईंचं खरं उत्तर उचललं आणि प्रश्नाच्या मागे नीट बसवलं. मग सुरुवातीपासून चालवून पाहिलं.

"मीटर चुकीचे आकडे दाखवतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. माहीत नव्हतं."

कात्रीने ते पुन्हा ऐकलं. बाई सरळ समोर बघत होत्या, आवाज जराही हलत नव्हता, डोळ्यांची पापणीसुद्धा नाही. उत्तर जसं दिलं होतं तसंच होतं, अगदी खरं, आणि पडद्यावर ते पाठ केलेलं वाटत होतं. बघणारा कुणीही म्हणाला असता, बाई बनवतेय.

तिने हात पुढे केला. मग मागे घेतला आणि चित्र तसंच पुढे चालू दिलं.