मार्टिनच्या दिवसापर्यंत

एड्विन रेनची कालवड दोन वर्षांची झाली तरी माजावर येत नव्हती. आमच्या खोऱ्यात गुरांची डॉक्टर मीच, म्हणून सप्टेंबरात त्यानं मला बोलावलं. गोठ्यात आणखी दोनच गाई उरल्या होत्या, दोन्ही म्हाताऱ्या, भाकड. आजोबांपासून जपलेला वंश आता या तांबड्या कालवडीच्या पोटी चालला तर चालणार होता.

मी कोपरापर्यंत हात घालून तपासलं. गर्भाशयाच्या जागी सुतळीसारखं काहीतरी बोटांना लागलं. पुन्हा चाचपलं. तेच.

"फ्री-मार्टिन आहे," मी म्हणाले. "जन्मापासूनच वांझ."

"डोकं फिरलंय का पोरी तुझं? ती जुळ्यातली असते, गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली. ही एकटी आली. मीच ओढून काढलीय तिला."

"गोऱ्हा आधीच पोटात विरून गेला असणार. पण तोवर दोघांचं रक्त एकमेकांत मिसळलं होतं. त्यानं हिची आतली वाढ खुंटली."

एड्विननं कालवडीच्या पाठीवर हात ठेवला. नंतर काढून घेतला.

"आधी कळलं असतं?"

"रक्त तपासलं असतं तर. पण एकट्या जन्मलेल्या वासराचं कोण तपासतं?"

मी बादलीत हात धुऊ लागले. पाणी थंडगार होतं.

"आमचा म्हातारा सांगायचा," तो म्हणाला, "नोव्हेंबरात संत मार्टिनचा दिवस, हिवाळ्याच्या बेगमीला भाकड जनावर कापायचा. म्हणून मार्टिन. तुमची पुस्तकं काय म्हणतात?"

"खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. उत्तरेकडे कापण्यासाठी पोसलेल्या गाईला मार्ट म्हणत. आणि फ्री म्हणजे बहुधा भाकड."

"म्हणजे कुठूनही गेलं तरी सुरीच."

"हो."

"एवढी वर्षं शिकून हेच शोधलंत होय?" तो हसला, पण आवाजात दम नव्हता.

त्यानं दावं सोडलं आणि कालवडीला घरामागे नेलं. तिथल्या कुरणात गवत कापून झाल्यावर कोवळी लव पुन्हा दाट उगवली होती. उन्हाळाभर त्यानं तिथं एक जनावर शिरू दिलं नव्हतं.

"हे व्यालेल्या गाईसाठी राखलं होतंस ना?"

"कुठल्या गाईसाठी? आता नोव्हेंबरापर्यंत हीच खाईल."

त्यानं फाटक उघडलं. कालवड दोन पावलं आत गेली आणि तिथंच चरू लागली. तिचं मागलं अंग अजून फाटकातच होतं. एड्विननं तिला हाकललं नाही. तो फाटक धरून उभा राहिला.